कण्हेर : वध्यमाळेपासून दुभाजकापर्यंत

वाराणसीच्या रस्त्यावरून एका दरोडेखोराला वधासाठी नेत आहेत. हात पाठीशी करकचून बांधलेले, डोक्यावर विटांचा लाल चुरा भुरभुरलेला, चौकाचौकांत चाबकाचे फटके, सोबत कर्कश नगारा. आणि गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ. पाली जातककथांतल्या ३१८व्या कथेतलं हे दृश्य. कथेचं नावच कणवेर जातक. त्या दरोडेखोराला वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहून सामा नावाची गणिका त्याच्यावर भाळते, नगररक्षकाला पैसे चारून त्याला सोडवते आणि त्याच्या जागी दुसऱ्याच एका तरुणाचा बळी देते. पुढची गोष्ट रंजक आहे, पण आपल्याला हवी आहे ती माळ.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात दहाव्या अंकात तीच माळ पुन्हा भेटते. खुनाचा खोटा आळ आलेला चारुदत्त चांडाळांच्या मधून चालतो आहे आणि त्याच्याही गळ्यात कण्हेरच. एक बौद्ध कथा, एक संस्कृत नाटक. दोन्हींत या माळेचा अर्थ कोणी समजावून सांगत बसत नाही. सांगायची गरज नसावी. गळ्यात तांबडी कण्हेर दिसली की हा माणूस आता परत येणार नाही, हे रस्त्यावरच्या पोरालाही कळत असणार.

हेच फूल शंकराच्या पिंडीवर वाहिलं जातं. शंकराला पांढरं, देवीला आणि गणपतीला तांबडं, अशी घरोघरची विभागणी. आणि हेच झुडूप आज महामार्गाच्या दुभाजकात भर उन्हात, धुराच्या लोटात गुलाबी फुलांनी लगडून उभं असतं. वधस्तंभ, देवघर आणि दुभाजक ही तीन ठिकाणं एकाच झुडपाला कशी लाभली, याचा माग काढत गेलं की प्रत्येक वळणावर एकच कारण भेटतं: कण्हेरीला कोणी तोंड लावत नाही. ती विषारी आहे. आपण तिला विष असूनही जवळ ठेवलं असं म्हणण्याची रीत आहे. मला उलटं वाटतं. विष नसतं तर कण्हेर आपल्यापर्यंत पोचलीच नसती, बकऱ्यांनी ती केव्हाच संपवली असती.

हे समजायला तिचं मूळ घर पाहावं लागतं. मोरोक्को-पोर्तुगालपासून भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांनी, अरबस्तान, इराण, बलुचिस्तान-सिंध करत हिमालयाच्या पायथ्यापर्यंत कण्हेर रानटी अवस्थेत वाढते. ती डोंगरमाथ्यावर किंवा दाट जंगलात सापडत नाही. तिची जागा म्हणजे नद्यांची आणि ओढ्यांची कोरडी पात्रं. जॉर्डनमध्ये पेट्राच्या दऱ्यांतून चालणाऱ्याला दगडगोट्यांच्या मधून तिची गुलाबी झुडपं दिसतात. अशा पात्रांत वर्षातून थोडे दिवस पाणी येतं, तेही लोंढ्याने, आणि उरलेलं वर्ष नुसते तापलेले दगड. पाणी असतं ते खाली खोल. कण्हेरीची मुळं तिथवर जातात, फांद्या लवचीक असल्याने लोंढ्यात वाकतात, मोडत नाहीत, आणि मोडल्या तरी वाहत जाऊन गाळात रुजतात. पण उन्हाळ्यात चहूकडे सगळं करपलेलं असताना ओढ्यात हिरवं उभं राहायचं, म्हणजे सगळ्या मुलखातल्या शेळ्या-मेंढ्यांना, गाढवांना, उंटांना आमंत्रणच. तिथे टिकायचं तर पान कडू हवं, आणि नुसतं कडू असून भागायचं नाही.

त्या पानाची एक गंमत आहे. आपल्याकडे वनस्पतिशास्त्र शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं असतं, कारण कोरड्या हवामानातली वनस्पती कशी असते हे दाखवायला प्रात्यक्षिकात कण्हेरीचं पानच घेतात. ब्लेडने आडवा, कागदासारखा पातळ काप घ्यायचा, रंगद्रव्याचा थेंब टाकायचा, काच ठेवायची. वर मेणचट थर जाड. त्याखाली बाह्यत्वचा एका पदराची नसून दोन-तीन पदरांची. आणि पानाच्या खालच्या बाजूला डोळ्यांत भरतात ते खळगे. पान श्वास घेतं ती छिद्रं पृष्ठभागावर उघडी नसतात. ती या खळग्यांच्या आत, दडवून ठेवलेली असतात, आणि खळग्याच्या तोंडाशी बारीक केसांची दाटी. बाहेर लू वाहत असली तरी केसांच्या आड हवा स्थिर आणि दमट राहते, पाणी कमी उडतं. दुभाजकातल्या वीतभर मातीत मे महिन्यात हे झुडूप का तगतं, त्याचं उत्तर त्या काचपट्टीवर असतं. परीक्षेत आपण ती आकृती काढून मोकळे होतो आणि घरी जाताना रस्त्यात तेच झाड ओळखत नाही, हा भाग वेगळा.

आपल्या जुन्या वैद्यांनी ते नीट ओळखलं होतं. संस्कृतात त्याला करवीर म्हणतात आणि अश्वमार किंवा हयमारही म्हणतात. म्हणजे घोडे मरतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. सुश्रुताच्या कल्पस्थानात विषांची वर्गवारी आहे, त्यात मुळात विष असणाऱ्या वनस्पतींच्या यादीत अश्वमार येतो. चरकाने मात्र करवीराला कुष्ठघ्न गणात, म्हणजे त्वचारोगांवरच्या दहा द्रव्यांत, खैर, हरडा, आवळा, हळद यांच्या पंक्तीला बसवलं. यात विरोध नाही. बाहेरून लावायचं औषध आणि पोटात गेलं तर विष, ही समज दोघांकडेही आहे. पुढे रसशास्त्राने तिला रुई, निवडुंग, कळलावी, गुंज, अफू आणि धोतरा यांच्याबरोबर सात उपविषांत घातलं, आणि वापरण्याआधी दुधात उकळून शुद्ध करण्याचा विधी सांगितला. करवीराद्य तेल वैद्यांच्या ग्रंथांत आजही आहे, तेही लावण्यासाठी. खेड्यापाड्यांतल्या ‘मूळ उगाळून द्या’ या सल्ल्याला या परंपरेचा आधार नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण असे सल्ले देणारे नेमकं चरकाचं नाव घेतात.

कोल्हापूरचं जुनं नाव करवीर, तालुका आजही करवीरच. या नावामुळे अनेकांना तिथे कण्हेरीचं रान शोधावंसं वाटतं. पण क्षेत्राची सर्वांना ठाऊक असलेली कथा महालक्ष्मीने मारलेल्या कोल्हासुराची आहे, फुलाची नाही. फुलाला तिथे पूजेच्या ताटातली जागा मिळाली आहे तेवढी पुरे.

तिकडे भूमध्य समुद्राकाठी जवळजवळ याच गोष्टी, याच क्रमाने घडत होत्या. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज लिहितो की या झाडाची पानं-फुलं कुत्री, गाढवं, खेचरं यांना मारतात, पण माणसाने वाइनमधून घेतली तर सर्पदंशावर चालतात. रोमन प्लिनीही तेच सांगतो: जनावरांना, शेळ्या-मेंढ्यांना विष आणि माणसाला सापाच्या विषावर उतारा. वर त्याची एक तक्रार आहे की या झाडाला बिचाऱ्याला आमच्या भाषेत साधं नावही मिळालं नाही, ग्रीकांचंच उसनं चालवावं लागतं. जनावर मरतं आणि माणूस वाचतो हा तर्क सपशेल चुकीचा होता. माणसाचं हृदय आणि गाढवाचं हृदय या बाबतीत सारखंच वागतं. पण त्या काळच्या दोन मोठ्या लेखकांनी लिहिलं म्हटल्यावर ते पुढची दीड हजार वर्षं नकलून नकलून उतरवलं गेलं.

त्याच काळातल्या रोमन श्रीमंतांच्या भिंतींवर कण्हेर रंगवलेली आहे. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या प्रिमा पोर्ता इथल्या घरात एक खोली होती, तिच्या चारही भिंतींवर बाग. इसवी सनापूर्वी ३० ते २० या दरम्यानची ही चित्रं आता रोममधल्या संग्रहालयात आहेत. डाळिंब, तमालाच्या जातीची झाडं, पक्षी आणि त्यांच्यात फुललेली कण्हेर. पाँपेईतल्या ‘सोन्याच्या कड्याचं घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यातही तशीच बाग भिंतीवर आहे आणि तिथेही ती आहे. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला, पाँपेई राखेखाली गेलं, आणि त्याच उद्रेकात किनाऱ्यावर लोकांना सोडवायला गेलेला प्लिनीही मेला. ज्याने झाडाला नाव नाही म्हणून खंत केली तो गेला, राखेखालच्या भिंतीवर फूल राहिलं.

युरोपात एक कथा फार आवडीने सांगतात. सैनिकांनी कण्हेरीच्या काटक्यांच्या सळया करून मांस भाजलं आणि सगळे मेले. कधी ते सैनिक स्पेनमधले नेपोलियनचे असतात, कधी थेट सिकंदराचे. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी शेवटी खरोखरच कण्हेरीच्या काड्यांवर सॉसेज भाजून तपासलं, तर त्यात उतरलेलं विष नगण्य निघालं. कथा खोटी ठरली म्हणून कोणी प्रयोग करू नये. पण कण्हेरीभोवती दंतकथांचं रान कसं माजतं याचा हा नमुना आहे. भीती खरी असली की तिला गोष्ट लागते, आणि गोष्टीला सैन्य लागतं.

विषाचं काम आता नीट कळलं आहे. मुख्य द्रव्य ओलिअँड्रिन. हृदयाच्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर फेकून पोटॅशियम आत घेणारी एक यंत्रणा असते, तिला पंप म्हणतात. ओलिअँड्रिन तो पंप अडवतं. पेशीत कॅल्शियम साठतं, ठोका आधी जोरकस होतो, मग मंदावतो, मग ताल सोडतो. इंग्लंडात विल्यम विदरिंगने १७८५मध्ये ज्या डिजिटॅलिसवर पुस्तक लिहिलं आणि ज्यातून पुढे हृदयरोगाचं डिगॉक्सिन हे औषध आलं, त्याच घराण्यातलं हे द्रव्य. फरक मात्रेचा आणि भरवशाचा. डिजिटॅलिसची मात्रा मोजता आली. कण्हेरीत पान, फूल, साल, मूळ, ऋतू यांप्रमाणे विष कमी-जास्त होतं, म्हणून ती औषधाच्या बाटलीत शिरू शकली नाही. २०२०मध्ये करोनाच्या काळात अमेरिकेत ओलिअँड्रिनला उपचार म्हणून पुढे करण्याचा प्रयत्न झाला. तिथल्या औषध प्रशासनाने ते पूरक आहार म्हणून विकायची मागणी त्याच ऑगस्टमध्ये फेटाळली.

आता एक गुंता सोडवायला हवा, कारण मराठीत कण्हेर म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांसमोर पिवळं, घंटेसारखं फूल येतं. ती पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. ती आपल्या कण्हेरीच्या कुळातली असली तरी वेगळ्या जातीची, आणि मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. चरकाने-सुश्रुताने तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. हिच्या वंशाला आंद्रे तेव्हे या फ्रेंच संन्याशाचं नाव मिळालं. तेव्हे १५५५मध्ये ब्राझीलला गेला आणि परतल्यावर १५५७मध्ये पुस्तक लिहिलं. तिथले लोक या गटातल्या एका झाडाचं विषारी फळ पोखरून, टणक कवच दोऱ्यात ओवून नाचताना पायात बांधतात, असं त्याने नोंदवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर घुंगरू. आपल्या पोरांनी ही विद्या न शिकताच त्याच कवचाचा खेळ केला. बिट्टीचं फळ वाळलं की काळं पडतं, त्यातून तिकोनी, दोन बाजूंनी पंखासारखं चपटं, लाकडासारखं टणक बी निघतं. खिसाभर बिट्ट्या गोळा करून गोट्यांसारख्या खेळायच्या, हरल्या की भांडायचं. कवच टणक म्हणून पिढ्यान् पिढ्या निभावलं. आतला गर पोटात गेला तर काय होतं ते श्रीलंकेने पाहिलं. १९८०च्या दशकात जाफना भागात पिवळ्या कण्हेरीची बी खाऊन जीव देण्याच्या घटना वाढल्या आणि नंतर त्या बेटभर पसरल्या. तिथल्याच रुग्णालयांत डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांची चाचणी झाली आणि २०००मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: उतारा आहे आणि तो काम करतो. अडचण किमतीची. ज्या गावांत त्याची गरज होती तिथे तो परवडणारा नव्हता.

नामकरणाचा इतिहास थोडक्यात उरकतो. लिनियसने १७५३मध्ये आपल्या कण्हेरीला शास्त्रीय नाव दिलं. भारतातली कण्हेर सुवासिक आणि युरोपातली बहुतेक बिनवासाची, म्हणून इंग्लंडच्या फिलिप मिलरने १७६८मध्ये भारतीय कण्हेर वेगळी जात ठरवली. आता दोन्ही एकच मानतात. त्याआधीच, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’च्या बारा खंडांत तांबडी आणि पांढरी कण्हेर ‘अरळी’ या मल्याळी नावाने चित्रांसह आली होती. त्या ग्रंथामागे इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य होते, त्यांची १६७५ची ग्वाही ग्रंथात नागरी लिपीत छापलेली आहे. युरोपला आपली झाडं कळली त्यात गोव्याकडून कोचीला गेलेल्या या लोकांचा वाटा होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

जहाजांतून कण्हेर पुढे गेली ती कुंड्यांत बसून. १८४१मध्ये जोसेफ ऑस्टरमन या व्यापाऱ्याने जमैकाहून काही रोपं टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन बेटावर आणली. खारी हवा, वाळू, वारा. कण्हेरीला काहीच अडचण आली नाही. ८ सप्टेंबर १९००च्या वादळात ते शहर उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं गेली. नंतर समुद्राला बांध घालून जमिनीची पातळीच उंच केली गेली, आणि त्या नव्या, खारट भरावावर पुन्हा जी झाडं लावली त्यांत कण्हेर पुढे होती. १९६७मध्ये तिथे कण्हेरीची खास संस्थाही निघाली. हिरोशिमात अणुबॉम्ब पडल्यावर तिथे ७५ वर्षं काही उगवणार नाही असं बोललं जात होतं. जळलेल्या मातीतून आधी फुललेल्या झाडांत कण्हेर होती, म्हणून १९७३मध्ये शहराने तिला आपलं अधिकृत फूल केलं.

महामार्गावर ती आली ती मात्र कोणाच्या भावनेपोटी नव्हे, हिशेबाने. कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याने विसाव्या शतकात मैलोन्‌मैल दुभाजक कण्हेरीने भरले. हिशेब सरळ आहे. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येऊ नयेत एवढी उंच आणि दाट. बुंधा जाड होत नाही, म्हणून गाडी धडकली तर झाड गाडी फाडत नाही. बारमाही हिरवी. कितीही छाटा, पुन्हा फुटते. धूर सोसते, पाणी थोडं पुरतं. आपल्याकडे यात आणखी एक बाब मिळते, तीच निर्णायक: रस्त्यावर सोडलेली जनावरं. दुभाजकात दुसरं काहीही हिरवं लावा, महिन्याभरात गाई ते साफ करतात आणि खायला रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहतात, म्हणजे अपघातालाच बोलावणं. कण्हेरीकडे गाय फिरकत नाही. केंद्राचं हरित महामार्ग धोरण २०१५मध्ये आलं आणि रस्त्यालगतच्या लागवडीला जोर आला, पण कण्हेर त्याच्या आधीपासून दुभाजकांत होतीच. ओढ्याच्या पात्रात बकऱ्यांपासून वाचायला जे विष कामी आलं, ते इथे माणसांच्या गाड्या वाचवायला कामी येतं.

कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात या कुंपणाला खिंडार पडलं. पानांच्या कडा करपायला लागल्या, मग फांद्या, मग अख्खी झुडपं वाळली. कारण निघालं एक जिवाणू. रस शोषणारा एक किडा त्याला झाडाझाडांत पोचवतो, आणि तो पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबवतो. दुष्काळाला न डरणारं झाड आतून तहानेने मरतं. एकाच जातीच्या लांबच लांब रांगा लावण्याचा हा दोष आहे, कण्हेरीचा नव्हे. आपल्या रस्ते खात्यांनी कण्हेरीच्या मध्ये बोगनवेल, टिकोमा, तगर अशी दुसरी झुडपं आलटून पालटून लावली तर बरं.

सगळेच जीव तिला टाळतात असंही नाही. पानांवर बोटाएवढी, हिरवीगार, जाडजूड अळी दिसली आणि तिला डिवचलं की ती मान खाली घालते, आणि मानेमागे दोन निळे-पांढरे डोळे उघडतात. ते डोळे नसतात, नुसते ठिपके. पक्षी मात्र दचकतो. ही कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. पतंगही देखणा, हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखा. दुसरं येतं ते तपकिरी-काळं, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेलं संथ फुलपाखरू. त्याचा कोष पानाखाली लटकतो तो चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत. या अळ्या कण्हेर बिनधास्त चरतात. पाहुणचार मात्र कण्हेर कोणाचाच करत नाही. फूल एवढं रंगीत, पण आत मध नाही. कीटक मधाच्या आशेने येतात, रिकाम्या हाताने जातात आणि जाताना परागकण घेऊन जातात.

मे २०२४मध्ये केरळात एका तरुणीच्या मृत्यूचा संबंध चुकून चावलेल्या कण्हेरीशी जोडला गेला आणि राज्य ढवळून निघालं. त्यानंतर त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी आपल्या देवळांत नैवेद्य आणि प्रसादात कण्हेरीचं फूल वापरणं थांबवलं. देवाला वाहायला मनाई केली नाही, भक्ताच्या हातावर ठेवायला केली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. फूल देवाच्या पायाशी राहिलं, तीर्थात-प्रसादात मिसळलं नाही, की परंपराही राहते आणि माणूसही. आपल्याकडच्या देवळांनी हे उचलायला हरकत नाही. पंचामृताच्या वाटीत पडलेल्या कण्हेरीच्या पाकळ्या मी पाहिल्या आहेत.

कण्हेर लावायची असेल तर तिच्याएवढं सोपं झुडूप क्वचितच. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, जून झालेली काडी घ्या. खालचा छाट डोळ्याच्या लगेच खाली घ्या, वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा. माती-वाळूत किंवा नुसत्या पाण्याच्या बाटलीतही ती तीन-चार आठवड्यांत मुळं धरते. बाटलीतलं पाणी मात्र मुलांच्या, मांजरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. रोप सावलीत लावू नका. सावलीत ते उंच, हडकुळं होतं आणि फुलत नाही. दिवसातून पाच-सहा तास ऊन हवं. कुंडी बारा-पंधरा इंची, तळाला भोकं मोकळी. पहिलं वर्ष नियमित पाणी द्या, जमिनीतल्या झाडाकडे नंतर फारसं बघावं लागत नाही. कुंडीतल्याला उन्हाळ्यात रोजच पाणी लागतं. शेणखत वर्षातून दोनदा पुरे. युरिया टाकाल तर पानांचं रान होईल. फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात, म्हणून बहर ओसरला की फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटा. छाटल्या जागेखालून तीन-तीन फुटवे येतात आणि झुडूप भरतं. बुडातून येणारे फुटवे काढले तर हवं तेवढं झाडही करता येतं. पिवळा मावा कोवळ्या शेंड्यांवर दाटतो. त्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, निंबोळी अर्क क्वचित लागतो. वर सांगितलेल्या अळ्या दिसल्या तर चार पानं त्यांना जाऊ द्या.

छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्याला लागू देऊ नका, नंतर हात आणि कात्री साबणाने धुवा. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ किंवा चाऱ्याच्या ढिगाशी टाकू नका. वाळल्या पानांतही विष राहतं, कडवटपणा मात्र जनावराला तितका जाणवत नाही, म्हणून झाडापेक्षा कचराच जास्त घातक. त्या फांद्या शेकोटीत किंवा चुलीत जाळू नका, धूरही त्रासदायक असतो. लहान मुलं असतील तर झाड उपटू नका, मुलांना झाड दाखवून ठेवा. शाळांच्या आवारात कण्हेर आणि बिट्टी दोन्ही असतात, तिथे झाडाला नावाची पाटी लावायला फार खर्च येत नाही. आणि कोणाच्या पोटात पान, फूल किंवा बी गेल्याचं कळलं तर उलटी करवण्यात किंवा घरगुती उताऱ्यात वेळ न घालवता, सध्या काही त्रास दिसत नसला तरीही, ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. जाताना त्या झाडाची एक फांदी पिशवीत घालून सोबत ठेवा, म्हणजे डॉक्टरांना पांढरी-तांबडी कण्हेर की बिट्टी हे विचारत बसावं लागणार नाही.